हे आपलं काम नाही

परवा दिवाळीत आमच्याकडे सगळे जमले होते. फराळाची ताटं फिरत होती. मी चहाचा ट्रे घेऊन पुढे झाले, तर धाकट्या काकांनी कप उचलायच्या ऐवजी माझी बोटं बघितली आणि म्हणाले, "काय गं हे? मिस्त्री मिळत नाहीत का कोल्हापुरात?"

नखांत काळं होतं. साबण, रॉकेल, बेसन, लिंबू सगळं करून झालं होतं. गाडीचं तेल नखांच्या कडेला जाऊन बसलं की आठवडाभर निघत नाही, हा शोध मला या वर्षी पन्नाशीला टेकल्यावर लागला. सगळे हसले, मीही हसले. मग आत्या म्हणाली, "हौस असावी, पण हे आपलं काम नाही गं." त्यावर पाचसहा माना एकदम हलल्या. तेव्हा गप्प बसले, कारण सणाच्या दिवशी वाद नको. आता सण झाला आहे आणि ब्लॉग माझा आहे. :) हे वाचणाऱ्यांत निम्मे ब्लॉगवाले आणि निम्मे त्या दिवशीचे चकलीवाले आहेत, हे मला माहीत आहे. तरीही लिहिते.

आधी प्रकरण काय ते सांगते. आमच्या बाबांची फियाट ११०० डी, १९६८ सालची. बाबांनी ती १९८१ साली दुसऱ्या हाताची घेतली. तेव्हा नवीन फियाटसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे, त्यामुळे जुनी गाडीसुद्धा पेढे वाटून घरात यायची. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली गाडी. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना, आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या बाजूला. बाबा २०१६ साली गेले. त्यानंतर गाडी पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली उभी होती. मधूनमधून सुरू करायचो. निळा धूर एवढा निघायचा की शेजारच्या काकू खिडक्या लावून घ्यायच्या. क्लच घसरत होता आणि रात्रभर उभी राहिली की खाली तेलाचं थारोळं. या तिन्हीवर उपाय एकच, इंजिन आणि गिअरबॉक्स उतरवायचा. तो आम्ही घरीच, आमच्याच पार्किंगमध्ये, तीन रविवारांत उतरवला.

(जाणकार मंडळी इथे खवळतील, म्हणून सांगून टाकते. काटेकोर भाषेत व्हिंटेज म्हणजे १९१९ ते १९३० या काळातली गाडी. पण आपल्या सरकारने जुलै २०२१ मध्ये जे नियम केले, त्यांत पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात राखलेली गाडी व्हिंटेज धरली आहे. आमची बाई त्या हिशेबाने व्हिंटेज आहे, तेव्हा वाद नको.)

आता त्या वाक्याकडे येते. "हे आपलं काम नाही." हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते बाबांकडूनच. मी आठवीत असेन. गाडीचा प्लग खराब झाला होता आणि मी डिकीतून प्लगचा पाना काढून आणला. बाबांनी तो हातातून घेतला आणि तेच म्हणाले. आवाज चढवला नाही, रागावले नाहीत. मिस्त्रींना निरोप गेला, ते सायकलवरून आले, दोन मिनिटांत प्लग बदलून गेले. बाबा कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. चार स्ट्रोकच्या इंजिनाची आकृती फळ्यावर ते इतकी सुरेख काढायचे की मुलं ती पुसू द्यायची नाहीत. पिस्टन कुठे, झडपा कधी उघडतात, ठिणगी कधी पडते, सगळं रंगीत खडूंनी. तीस-पस्तीस वर्षं त्यांनी ते शिकवलं, आणि घराबाहेर उभ्या असलेल्या इंजिनाला एकदाही पाना लावला नाही.

बाबांवर माझा जीव होता, आहे. पण हे मला त्यांच्यात कधीच पटलं नाही, आणि ते गेलेत म्हणून आता पटलं असं म्हणणार नाही.

कारण हे एकट्या बाबांचं नव्हतं. आपल्या सगळ्या नोकरदार घरांत हीच शिकवण आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात केली, ही गोष्ट आपण मुलांना अभिमानाने सांगतो. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली मोटारींची कंपनी काढली (तीच ही कुर्ल्याची), तेही सांगतो. आणि आपल्याच पोराने सायकलची चेन बसवताना हात काळे केले की "आधी हात धू, मग कशाला शिव" म्हणून ओरडतो. आपल्याला उद्योगपती हवे असतात, पण त्यांच्या नखांतलं काळं नको असतं. भाषेतसुद्धा बघा, तोंड काळं करणं, हात काळे होणं, सगळी काळी कामं वाईटच. तेलाचं काळं आणि पापाचं काळं यांत आपण फरकच ठेवलेला नाही.

बरं, मुख्य म्हणजे हे काम काय असतं ते त्या दिवशी हसणाऱ्यांपैकी कोणी विचारलंच नाही. म्हणून सांगते.

पहिला रविवार नुसता काढण्याचा. बॅटरीची तार सोडायची, हे सगळ्यात आधी. मग रेडिएटरचं पाणी, इंजिनचं तेल, गिअरबॉक्सचं तेल, तिन्ही वेगवेगळ्या डब्यांत. बॉनेट दोघांनी धरून उतरवायचं, रेडिएटर काढायचा. पेट्रोलची नळी सोडून तिचं तोंड बंद करायचं. डायनॅमो, स्टार्टर, कॉइल, तापमानाचा काटा, तेलाच्या दाबाचा दिवा यांच्या वायरी एकेक करून सोडायच्या, आणि प्रत्येकीला चिकटपट्टी लावून वर नाव लिहायचं. नटबोल्ट श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत, प्रत्येक डब्यावर कुठले ते. भाचीने मोबाइलवर दर टप्प्याला फोटो काढले. सायलेन्सरच्या पाइपाचे नट इतके गंजले होते की आदल्या बुधवारपासून रोज तेल सोडत होते, तरी एक तुटलाच.

दुसरा रविवार गाडीखाली. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली जायचं नाही. हे मी इथे ठळक अक्षरांत लिहिलं असतं. जॅक हा गाडी उचलायला असतो, पेलून धरायला नसतो. आम्ही चार लोखंडी घोड्या लावल्या, गाडी दोन्ही बाजूंनी जोरात हलवून बघितली, आणि मगच खाली गेलो. प्रोपेलर शाफ्ट सोडायच्या आधी जोडावर छिन्नीने खूण केली, कारण तो होता तसाच परत बसला नाही तर गाडी वेगात थरथरते. गिअरच्या दांड्या, स्पीडोमीटरची केबल, क्लचची जोडणी, स्टार्टर. मग इंजिनच्या मागच्या बाजूला खालून लाकडी ठोकळा आणि जॅक, कारण मागचा भार गिअरबॉक्सच्या आधारावर असतो. तो आधार काढला आणि खाली जॅक नसला तर इंजिन मागे कलतं. शेवटी गिअरबॉक्स सरळ मागे ओढायचा, आणि तो इंजिनापासून पूर्ण सुटेपर्यंत त्याचं वजन पेलून धरायचं. अर्धवट सुटलेला गिअरबॉक्स त्याच्या पुढच्या शाफ्टवर लोंबकळू दिला, तर क्लचप्लेट वाकडी होते. हे पुस्तकातही आहे, पण मला ते कळलं हाताला भार आला तेव्हा.

तिसरा रविवार इंजिनाचा. आमच्या जावईबापूंनी आधी सुचवलं होतं की हॉलमधल्या झोपाळ्याच्या कड्या आहेतच, तशाच पार्किंगच्या स्लॅबला लावू. झोपाळ्यावर आत्या बसते, इंजिन नाही, एवढंच मी म्हटलं. (आत्या, राग मानू नकोस.) लोखंडी तिकाटणं आणि चेनब्लॉक भाड्याने आणला. इंजिनला साखळी बांधली, साखळीवर किंचित ताण घेतला, मग माउंटचे बोल्ट काढले. इंजिन वर आलं की गाडी मागे ढकलायची आणि इंजिन खाली जुन्या टायरवर टेकवायचं. ते हवेत असताना त्याच्या खाली कोणी हात घालायचा नाही, पाय ठेवायचा नाही, मग खाली काही पडलेलं असो. चेन एकेक कडी करत खडखडत होती आणि चौदा वर्षांची भाची पहिल्यांदाच गप्प उभी होती.

आणि इथे मला जे सापडलं, त्यासाठी खरं तर हा सगळा लेख आहे.

उजव्या बाजूच्या माउंटमध्ये रबर नव्हतं. टायरचा तुकडा होता. चाकूने कापलेला, टायरच्या नक्षीसकट. त्याला भोक पाडून बोल्ट घातला होता. डाव्या बाजूचं रबर कधीकाळी खरं असावं, पण ते पिठासारखं झालं होतं. बाबांची गाडीची वही माझ्याकडे आहे. पेट्रोल, हवा, सर्व्हिसिंग, सगळं तारीखवार, मागे पावत्या टाचलेल्या. २००७ सालची एका गॅरेजची पावती आहे, दोन्ही माउंट नवीन, मजुरीसकट. त्याच्याखाली बाबांच्या अक्षरात, "तरी थरथर जात नाही. गाडी म्हातारी झाली." पुढच्या दोन वर्षांत तीन वेळा हेच लिहिलंय. थरथर. थरथर कायम. मिस्त्री म्हणतात वयोमानानुसार.

नऊ वर्षं ते त्या गाडीतून थरथरत फिरले, आणि दोष गाडीच्या वयाला देत राहिले. पान्याने दोन बोल्ट सैल करून वाकून बघितलं असतं तर अर्ध्या तासात कळलं असतं. ज्या माणसाला इंजिनाचं सगळं गणित येत होतं त्याला त्या पावतीवर विश्वास ठेवावा लागला, कारण बॉनेटच्या आत हात घालणं हे आपलं काम नव्हतं.

आता कोणी म्हणेल, म्हणजे गॅरेजवाले सगळे चोर. अजिबात नाही. ज्याने टायरचा तुकडा घातला तो एक. आणि या तीन रविवारी आमच्याकडे येऊन स्टुलावर बसून "ताई, पाना दाबू नका, वढा. दाबला आन् निसटला की हात फुटतोय" असं शिकवणारे मिस्त्री हे दुसरे. सत्तरी उलटलेली, आयुष्यभर फियाट आणि ॲम्बेसेडर उघडलेले. त्यांना आम्ही रोजची मजुरी दिली, काम करायची नाही, बसून सांगायची. पहिल्या दिवशी त्यांनाही ते विचित्र वाटलं. दुपारपर्यंत ते माझ्या नवऱ्यावर ओरडत होते. टायरचा तुकडा बघून ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "गिऱ्हाईक बगत नसतंय, म्हनून हे हुतंय." माझा मुद्दा त्यांनी माझ्याआधी मांडला.

माझ्या पुतण्याने मात्र एक गोष्ट विचारली, जी त्या दिवशीच्या सगळ्या थट्टेपेक्षा जास्त टोचली. तो म्हणाला, "काकू, तुझं काळं हौसेचं आहे. सोमवारी तू हात धुऊन ऑफिसला जातेस. त्यांचं काळं पोटाचं आहे. मग तू यात कसला मोठेपणा मिरवतेस?" याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. त्याचं म्हणणं खरं आहे. तीन रविवार पाना धरून मी मिस्त्री झाले नाही, त्यांची पाठदुखी मला कळली नाही, आणि कळल्याचा आव आणणार नाही. माझ्याकडे स्वतःचं पार्किंग आहे, भाड्याने चेनब्लॉक आणायला पैसे आहेत, चुकलं तर थांबायला वेळ आहे. पण पुतण्या, एवढं नक्की सांगते. "हे आपलं काम नाही" या वाक्यातला "आपलं" हा शब्द नीट ऐक. काम अवघड आहे म्हणून आपलं नाही, असं तो म्हणत नाही. ज्यांचं ते काम आहे त्यांच्यापेक्षा आपण वेगळे, म्हणजे वरचे, असं तो म्हणतो. मिस्त्री सायकलवरून यायचे तेव्हा त्यांना चहा वेगळ्या कपात दिला जायचा. तो कान तुटलेला कप मला आठवतो. तुझ्या आजीने दिला आणि आम्ही कोणी काही बोललो नाही. आता मिस्त्री आमच्याच कपातून चहा पितात, एवढ्याने मागचं फिटत नाही, हेही मला माहीत आहे.

पैशांचा हिशेबही मला सांगितला गेला. तीन रविवार, दोन माणसं, भाडं, मिस्त्रींची मजुरी. एवढ्यात गॅरेजने काढून दिलं असतं. बरोबर, काही वाचलेलं नाही. बोअरिंग, क्रँकचं ग्राइंडिंग ही कामं घरी होत नाहीत, ती उद्यमनगरात मशीनवरच होणार आणि त्याचे पैसे लागणारच. पण आता तिथे इंजिन घेऊन मी स्वतः जाईन. ब्लॉकवरचा नंबर मी पुसून, आरसीशी जुळवून बघितलाय. क्रँक कुठे झिजलाय ते मला दाखवा असं म्हणेन, आणि दाखवल्यावर मला दिसेल. त्या २०२१ च्या नियमांतही सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार नसावा अशी अट आहे. मग आपल्या गाडीच्या पोटात मूळचं काय उरलंय हे मालकाला माहीत नको? रॅलीत चकचकीत गाड्या घेऊन, फेटे बांधून फिरणारे कितीतरी बघितलेत. डाग कुठल्या पॉलिशने जातो हे त्यांना पाठ असतं. माउंट कुठे आहे विचारा, ड्रायव्हरला हाक मारतात.

आणि आठवणींचं तर बोलायलाच नको. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे. ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी त्यामुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. त्या दिवशी आमच्या घरच्या ग्रुपवर काय पूर आला होता! काळ्या-पिवळ्या फियाटचे फोटो, "बालपण संपलं", रडके चेहरे, बाबांच्या गाडीतून ज्योतिबाला गेलो होतो ते, मागच्या सीटवर सहाजण बसलो होतो ते. मी त्याच संध्याकाळी लिहिलं की बाबांची फियाट पार्किंगमध्येच आहे, रविवारी बॉनेट उतरवायला दोन हात हवेत, कोण येतंय? दोन अंगठे आले आणि एक नमस्कार. हात आले नाहीत. मग ते काम आणखी दोन वर्षं मागे पडलं.

तेव्हा काका, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. कोल्हापुरात मिस्त्री मिळतात. चांगले मिळतात. मी त्यांचं काम हिसकावत नाहीये, ते आपल्याहून खालचं समजायचं सोडतेय, आणि त्याला एवढं काळं लागलं. सगळ्यांनी घरी इंजिनं उतरवावीत असं माझं म्हणणं नाही. ज्याला जागा नाही, पाठ नाही, आवड नाही, त्याने खुशाल गॅरेजला द्यावं. फक्त देताना उभं राहून बघावं, विचारावं, आणि घरातलं पोर पाना उचलायला गेलं तर तो हातातून काढून घेऊ नये.

भाचीने शेवटचा बोल्ट स्वतः काढला. तिची आई मागून "नखं, नखं" करत होती. नखांचं जे व्हायचं ते झालंच.

असो. इंजिन अजून टायरवर बसलंय, वर जुनी चादर घातली आहे. गिअरबॉक्स शेजारी. नवीन माउंट मागवलीत, येतील तेव्हा येतील. उद्यमनगरातून ब्लॉक परत आला की सगळं उलट्या क्रमाने चढवायचं आहे, आणि मिस्त्री म्हणतात उतरवणं सोपं, चढवणं अवघड. क्लचप्लेट मधोमध बसली नाही तर गिअरबॉक्स आत जातच नाही म्हणे. बघू.

ता. क. – संक्रांतीच्या आसपासचा रविवार धरलाय. काका, तुम्ही यायचंच. जुना शर्ट घालून या. नवीन घालून आलात तर बाबांचा एक जुना आहे माझ्याकडे, तो देईन. त्याला मात्र एकही तेलाचा डाग नाही.